निळे खडे

माझे वडील न उडणाऱ्या विमानांचे राखणदार होते.
शाळेत हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या,
"म्हणजे कोंबड्यांचे?" वर्ग हसला.
मीही हसले. घरी बोलले नाही.

कॅल्शॉटच्या वाळूच्या जिभेवर दोघी बसलेल्या,
शेजारी शेजारी, शेपट्या आमच्या चर्चच्या घंटेहून उंच,
पोटं बोटीची, पंख विमानाचे.
शंभरावर माणसं दोन मजल्यांवर बसून
जेवत-खात अटलांटिक ओलांडणार होती.
प्रत्येकीला दहा इंजिनांच्या जागा,
दहाही रिकाम्या.
तिसरी पलीकडे, बेटावर, काउझला. ती उडलेली.
तिचा तोरा वेगळा, बाबा म्हणत,
जसं काही थोरलीचं लग्न झालंय
आणि या दोघी घरात.

नव्याचे नऊ दिवस. पेपरवाले आले, गेले.
मग कंपनीने दोघींना करडा, रबरासारखा लेप दिला,
नाकापासून शेपटीपर्यंत, एक फट न ठेवता.
कोष, म्हणाले त्याला.
मला वाटे, हे उलटंच झालं.
फुलपाखरू झाल्यावर कोणी कोषात जातं का?

बाबांचं काम सोपं. दिवसातून दोन फेऱ्या.
लेपाला चीर गेली का, सीगलने चोच मारली का,
आणि आत, पोटाच्या अंधारात,
कापडी पिशव्या. पिशव्यांत खडे.
खडे निळे, म्हणजे हवा कोरडी.
गुलाबी झाले, की समुद्र आत आला.

गुलाबी झालेले ते घरी आणत, बिस्किटांच्या डब्यातून,
आणि आईच्या ओव्हनमध्ये पसरत, मंद आचेवर.
रविवारी आई पुडिंगचं भांडं धरून उभी:
"अँब्रोज, त्या दोघींचं झालं की सांगा,
मग घरच्यांना जेवू घालते."
ट्रे बाहेर येई तेव्हा निळा,
आमची खाडी वर्षातून चार दिवस असते, तसा.
मी एक खडा चाटला होता.
जीभ चिकटून बसली.

नऊ हिवाळे असे गेले.
मग पत्र आलं, चार ओळींचं.
निगराणीचं कंत्राट संपलं, नवं होणार नाही,
किल्ल्या जमा कराव्यात.
पांढरे हत्ती कुठवर पोसायचे, असं लंडनमध्ये कोणी म्हणालं होतं म्हणे.
बाबांनी किल्ल्या दिल्या. पावती घेतली.
तरी फेरीला जात राहिले, कुंपणाबाहेरून,
हात मागे बांधून,
इस्पितळात भेटीची वेळ टळल्यावर
खाली उभं राहून कोणी खिडक्या मोजावं, तसे.
"आतले आता गुलाबी असतील," जेवताना एकदा म्हणाले.
आईने मीठ पुढे केलं.

आणि मग खरंच एक गिऱ्हाईक आलं, परदेशातून.
रॉकेटचे अवजड भाग वाहायला त्याला
असंच काहीतरी अवाढव्य हवं होतं.
लेप कापला.
आत दोघींची हाडं पांढऱ्या भुकटीने फुललेली,
बोट लावलं की बोट आत.
गिऱ्हाइकाने रुमालाला हात पुसले.
बाबांना कोणी काही विचारलं नाही.
ते कुंपणाबाहेर होते.

वसंतात भंगारवाले आले, गॅसच्या ज्योती घेऊन.
बाबा बघायला गेले नाहीत.
त्या आठवड्यात त्यांनी ओव्हन घासून काढला,
कोपरे न कोपरे, आईच्या केसांच्या पिनेने,
दार बिजागरीतून सुटं करून.

त्यांना जाऊन आता सोळा वर्षं झाली.
परवा शेडमध्ये, रंगाच्या डब्यांमागे,
तो बिस्किटांचा डबा सापडला.
झाकण गंजून बसलेलं. आत मूठभर खडे,
तान्ह्याच्या हिरड्यांसारखे गुलाबी.

माझा ओव्हन विजेचा, काचेच्या दाराचा.
आत दिवा लागतो.
मी स्टूल ओढून समोर बसले.
मुलगा आला, वाकून बघितलं, म्हणाला, काय शिजतंय?
म्हटलं, थांब जरा.
कडेचे झालेत. मधले व्हायचेत अजून.